पेट्रोलच्या नळीला चाप, मग तारेला नट का?

या सदरात आजवर आपण गळका नळ, शिवणयंत्राचा पट्टा, मिक्सरचे कुरकुरणारे भांडे आणि इस्त्रीची जळकी वायर अशा घरातल्याच वस्तू उघडून पाहिल्या. दिवाळी अंकासाठी मात्र काही निराळे द्यावे, असा संपादकांचा दरसालचा आग्रह असतो. यंदाची वस्तू खरोखरच निराळी आहे. ती घराबाहेरची आहेच, पण जमिनीबाहेरचीही आहे! एका शिडाच्या होडीला मागे लावलेले इंजिन, आणि ते होडीवरून उतरवताना त्याच्या तारांनी मांडलेला छळ, हा आजचा विषय.

"आमच्याकडे कुठली आली होडी?" असे म्हणून पान उलटू नका. आपल्या घरी इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या बॅटरीला लागणारा पाना आणि या होडीतला पाना ही सख्खी भावंडे आहेत. त्या पान्याने माझ्या भाच्याच्या बोटाचे जे केले, ते आपल्या माजघरातही होऊ शकते.

हा भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा शिरीष. नोकरी बरी, डोके बरे, फक्त समुद्राचे वेड. चार वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी पैसे जमवून एक बावीस फुटी जुनी शिडाची होडी घेतली. तिघांचा वाटा मिळून ती एखाद्या जुन्या मोटारीच्या किमतीत पडली. नाव ठेवले 'टिटवी'. ताईला ते मुळीच आवडले नाही. टिटवी ओरडली की अशुभ, आणि यांनी तर ती पाण्यात सोडली! शिरीषचे म्हणणे असे की, टिटवीसुद्धा समुद्र आटवते, ही म्हण तूच आम्हाला शिकवलीस. यावर ताईजवळ उत्तर नव्हते, पण राग होता.

आता शिडाच्या होडीला इंजिन कशाला, हा प्रश्न आपल्याप्रमाणे मलाही पडला होता. शिरीषने मला एकदा घारापुरीच्या बाजूला फिरवून आणले, आणि उत्तर आपोआप मिळाले. मुंबई बंदरात दुपारी समुद्रावरून छान खारे वारे येतात. शीड फुगते, होडी कलते, पोटात थोडे कालवते, पण मजा येते. संध्याकाळ झाली की हा वारा कधी कधी एकाएकी दम तोडतो. त्यातच ओहोटी लागलेली असली, तर पाणी तुम्हाला आपल्या मनाप्रमाणे घेऊन जाते, आणि समोरून येणारी मालवाहू बोट काही तुमच्यासाठी थांबत नाही. तेव्हा मागचे इंजिन चालू करायचे नि निमूटपणे घरी यायचे. शिडाच्या होडीला इंजिन असते ते छत्रीसारखे. रोज लागत नाही, पण लागते तेव्हा दुसरे काही चालत नाही.

हे इंजिन होडीच्या पोटात नसते. मागच्या उभ्या फळीवर ते बाहेरून टांगलेले असते. दोन मोठ्या स्क्रूंनी फळीला आवळलेले, खाली पाण्यात पंखा, वर हातात धरायचा दांडा. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ओले एव्हिनरूड नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ साली अशी इंजिने विकायला काढली आणि ती खऱ्या अर्थाने लोकांच्या हाती पडली. तळ्यावर सहलीला गेले असता त्याच्या प्रियेला आइस्क्रीम हवे झाले, ते वल्ही मारीत आणीपर्यंत वितळून गेले आणि त्या चरफडीतून ही युक्ती सुचली, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे. आइस्क्रीमसाठी माणूस काय काय करतो, हे दोन नातवंडांच्या आजोबांना सांगायला नको. मुद्दा असा की, घरून उचलून न्यावे, कुठल्याही होडीला लावावे आणि परत आणावे, ही या यंत्राची मूळ कल्पना. त्याचे सगळे थोरपण त्या उचलण्यात आहे.

शिरीषच्या होडीवर आधी असेच एक जुने, दोरी ओढून चालू होणारे इंजिन होते. तारबीर काही नाही. दोन स्क्रू सैल केले, पेट्रोलची नळी काढली, की एकट्याने खांद्यावर. पुढे ते फार धूर ओकू लागले, म्हणून तिघांनी ९.९ अश्वशक्तीचे नवे चार-स्ट्रोक इंजिन घेतले. बटण दाबले की चालू! धूर नाही, आवाज नाही, शिवाय चालता चालता बॅटरीही भरणार. वजन सुमारे पंचेचाळीस किलो, पण दोघे मिळून उचलतील. सगळे उत्तम. फक्त त्या बटणासाठी इंजिनातून दोन जाडजूड तारा निघतात आणि थेट बॅटरीवर नटांनी आवळल्या जातात. बॅटरी होडीचा तोल राखण्यासाठी पुढच्या बाजूला, बाकाखालच्या कप्प्यात. म्हणजे उचलून नेण्यासाठी जन्मलेले यंत्र आता दाव्याला बांधलेल्या गाईसारखे झाले.

गंमत पाहा. त्याच इंजिनाच्या पेट्रोलच्या नळीला कारखान्यातूनच एक चाप असतो. अंगठ्याने दाबला की टक् करून नळी सुटते आणि तोंड आपोआप बंद होते. पेट्रोलसारख्या पदार्थासाठी कारखान्याने हे केले आणि तारेसाठी मात्र नट दिले. कारण उघड आहे. बनवणाऱ्याने गृहीत धरले की, हे इंजिन एकदा लागले की तिथेच राहणार. मुंबईत मात्र तसे चालत नाही. पावसाळ्यात आपला समुद्र लहान होड्यांसाठी नव्हे. मे महिना सरता सरता या होड्या पाण्याबाहेर काढून किनाऱ्यावर झाकून ठेवाव्या लागतात, आणि त्याआधी इंजिन उतरवावे लागते. शिवाय चोरीची भीती, खाऱ्या पाण्याचा गंज, कारागिराकडची फेरी. वर्षातून पाच-सहा वेळा तरी हे इंजिन उतरतेच.

२०२४ च्या मे अखेरची गोष्ट. दुपारची भरती गाठून होडी उताराशी आणली होती. पाणी उतरू लागायच्या आत इंजिन काढायचे, मग होडी चाकांच्या गाड्यावर चढवायची. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. पाणी निघाले की डोळ्यांदेखत निघते. शिरीष बाकाखालच्या कप्प्यात अर्धा आत, पाय वर, अशा अवस्थेत बॅटरीचे नट सोडवत होता. खाऱ्या हवेने नट धरलेले. घामाने हात निसरडा. वरून मित्राची घाई, "अरे, पाणी चाललं!" पाना निसटला तो एका टोकाने धन खांबावर आणि दुसऱ्या टोकाने ऋण खांबावर पडला. शिरीषच्या त्याच हातात साखरपुड्याची अंगठी होती, आणि ती पान्याला टेकलेली होती.

इथे क्षणभर थांबून एक गैरसमज काढून टाकतो. बारा व्होल्टची बॅटरी, तिचा काय शॉक बसणार, असे पुष्कळजण म्हणतात. ते खरे आहे. कोरड्या हाताला तिचा झटका जाणवत नाही. पण झटका हे एकच भय नव्हे. घरच्या प्लगातून लहानसा प्रवाह मोठ्या दाबाने येतो. बॅटरीत दाब कमी, पण प्रवाह वाटेल तेवढा. दोन खांबांमध्ये लोखंडाचा तुकडा आडवा पडला, तर शेकडो अँपिअर त्यातून धावतात. मिणमिणत्या दिव्याला अर्धा अँपिअर पुरतो, यावरून अंदाज बांधा. तो लोखंडी तुकडा आणि त्याला टेकलेले सोने पापणी लवते न लवते तोच तापून लाल होते. त्यातच भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो; बंद कप्प्यात तो साचला असेल तर त्या ठिणगीने बॅटरीच फुटते. शिरीषच्या बाबतीत एवढे झाले नाही. पाना उडून पडला, बोटाला अंगठीच्या आकाराचा भाजलेला व्रण उठला, आणि बोट सुजल्यावर ती अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली.

साखरपुड्याची अंगठी कापली! ताईने काय काय ऐकवले असेल, त्याची आपण कल्पना करू शकता. टिटवी, अपशकुन, होणाऱ्या विहिणीला काय सांगू, इथपासून सुरुवात होऊन गाडी अखेर माझ्यावर आली. मी चाळीस वर्षे एका गिरणीत विजेच्या तारा ओढल्या आहेत आणि आता या सदरात लोकांना शहाणपण शिकवतो, हे तिला चांगले ठाऊक.

"बाळ्या," ती म्हणाली, "जगाला सल्ले देतोस, आणि घरच्या पोराला? पुढच्या वेळी त्या बॅटरीला हात न लावता इंजिन निघालं पाहिजे. नाही तर ती होडी विकायची. मी त्याच्याकडून शब्द घेतलाय."

भाऊजी वर्तमानपत्रामागून एवढेच म्हणाले, "शब्द मीही ऐकलाय."

काम हाती घेतले ते गणपतीनंतर. आता करायचे काय, तर तसे सोपे. बॅटरीपासून येणाऱ्या तारा कायमच्या बॅटरीवर राहू द्यायच्या, इंजिनाच्या तारा इंजिनावर, आणि दोहोंच्या मध्ये, हाताला सहज सापडेल अशा जागी, एक जोड घालायचा. बॅटरीजवळ एक फिरवून बंद करायचा जाड स्विच. म्हणजे इंजिन बंद, स्विच बंद, जोड ओढला, झाले. पाना घरी.

पण जोड कोणता? घरातल्या प्लगासारखा, पिना बाहेर आलेला जोड इथे घातक. पिनांची बाजू बॅटरीकडे आली, तर त्या उघड्या पिना म्हणजे पुन्हा तोच पाना. मला माहीत होता तो बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्यांचा जोड; गिरणीच्या गोदामात रोज पाहिलेला. बाजारात त्याला अँडरसन म्हणतात. याची मौज अशी की, याला नर-मादी नाही. दोन्ही अर्धे अगदी सारखे. दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे ते बसतात. उलटे बसत नाहीत, म्हणून धन-ऋणाची अदलाबदल होत नाही. आणि हे फार महत्त्वाचे, कारण तारा उलट लागल्या तर इंजिनातला बॅटरी भरणारा भाग एका क्षणात जळून जातो. आतली पट्टी प्लॅस्टिकच्या खोबणीत असते, बोट लागत नाही. दोन्ही अर्धे सारखे असल्यामुळे एक तिसरा अर्धा जवळ ठेवला की कुठल्याही बाजूला चालतो. यांचे रंग वेगवेगळे येतात आणि एका रंगाचा दुसऱ्यात शिरत नाही. बारा व्होल्टसाठी पिवळा ठरलेला आहे, तोच घ्यावा. नाही तर उद्या कोणी भलतीच बॅटरी आणून जोडील.

लोहार चाळीत शोधायला गेलो तो नेमका पितृपक्ष. "नवी वस्तू आता घ्यायची नाही," ताईचा फोन. मी म्हटले, ही वस्तू नव्हे, औषध आहे. औषधाला पितृपक्ष नसतो, हे तिला पटले.

तारेच्या जाडीबद्दल मात्र जरा हिशेब सांगतो, कारण पुष्कळांचे काम इथेच बिघडते. इंजिन सुरू करताना ते बॅटरीतून क्षणभर शंभर अँपिअरच्या आसपास ओढते असे धरा. बॅटरी इंजिनापासून दोन मीटर, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तांबे. तार ६ चौरस मिलिमीटरची असली, तर वाटेतच सव्वा व्होल्टच्या जवळपास खर्च होतो. बारातले सव्वा गेले, की थंडीच्या सकाळी इंजिन नुसते कुंथते. तीच तार १६ चौरस मिलिमीटरची घेतली, तर खर्च अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. आणि जोड मळलेला असला, तर जाड तारही व्यर्थ. शंभर अँपिअरला दोन व्होल्ट जोडातच पडले, तर तिथे दोनशे वॉटची उष्णता निर्माण होते. पूर्वीचे शंभर वॉटचे दोन बल्ब त्या मुठीएवढ्या जोडात पेटवल्यासारखे. म्हणून जोडही ऐपतीचा घ्यावा. पन्नास अँपिअरचा लहान जोड सुरुवातीचे दोन-तीन सेकंद सोसून नेतो, पण मी एकशेवीसचा घेतला. तार घेतली ती कल्हई केलेल्या तांब्याची. आपल्या आज्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई का करीत, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला खाऱ्या हवेत उघड्या तांब्याचे काय होते, हे सांगायला नको. साध्या तारेचे वरचे आवरण सोलून पाहा. वर्षभरात आत हिरवा चुरा झालेला असतो.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

तारेच्या टोकाला जोडाची पट्टी बसवायची, ती दोन प्रकारे. एक, सोल्डरने डाग देऊन; दुसरी, दाबयंत्राने चेपून. शिरीषचा मित्र म्हणाला, "काका, होडीवर चेपूनच करतात." मला राग आला. चाळीस वर्षे डाग दिले, एकही सुटला नाही! माझा डाग म्हणजे आरशासारखा. मी तसाच दिला, वर आकसणारी नळी चढवली, सगळे दिमाखात दिसू लागले. कोजागिरीनंतर टिटवी पाण्यात उतरली. बटण दाबले, इंजिन चालू. जोड ओढला, सुटला. ताईने फोटो पाहिला आणि होडी विकण्याची गोष्ट निघेनाशी झाली.

२०२५ च्या जानेवारीत एका रविवारी ही मंडळी घारापुरीकडून परतत होती. सूर्य टेकला, वारा पडला, ओहोटी लागलेली. बटण दाबले तर नुसते टक्, टक्. होडीवरचा दिवा लागतोय, म्हणजे बॅटरी भरलेली. पण इंजिन उठेना. सुदैवाने अशा इंजिनाबरोबर अडचणीसाठी एक दोरी दिलेली असते. वरचे झाकण काढून, दोरी गुंडाळून, ओढून ओढून एकदाचे ते चालू केले. आमच्या शिरीषचा तळहात सोलला, आणि घरी यायला रात्रीचे नऊ वाजले. तोवर ताई खिडकीत. फोन लागत नव्हता. त्या दोन तासांबद्दल ती आजही काही बोलत नाही, आणि ती बोलत नाही हेच मला टोचते.

दुसऱ्या दिवशी तार सोलून पाहिली. माझा आरशासारखा डाग शाबूत होता. तुटले होते ते डागाच्या काठावर. पातळ झालेले कथील तारेच्या बारीक पदरांत वरपर्यंत चढते, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि पुढची तार मऊ राहते. इंजिनाचा दांडा फिरवला की तार वाकते, शिवाय सतत थरथरते; आणि वाकते ती नेमकी त्या ताठ नि मऊ यांच्या सीमेवर. एकेक पदर तुटत गेला. चार-सहा पदर शिल्लक होते, ते दिव्याला पुरत होते, शंभर अँपिअरला नव्हते. गिरणीतल्या तारा भिंतीत निजलेल्या असतात. त्यांना हे दुखणे माहीतच नसते. आणि दुसरी चूक त्याहून बाळबोध. तारेला जोडाजवळ मी पकडच दिली नव्हती. सगळा हिसका त्या डागावरच.

मग मुकाट्याने लोहार चाळीत पुन्हा गेलो, एका दुकानदाराकडून हाताने दाबायचे यंत्र दोन दिवस मागून आणले आणि सगळी टोके चेपून केली. चेपलेल्या टोकावर आतून डिंक असलेली आकसणारी नळी, म्हणजे खारे पाणी आत झिरपायला नको. जोडाच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरात तार पट्टीने होडीला आणि इंजिनाला बांधली. दोहोंच्या मध्ये तारेला सैल वळसा ठेवला, म्हणजे दांडा कितीही फिरवला तरी ओढ जोडावर येत नाही. त्या वळशाचा पोटाकडचा भाग जोडापेक्षा खाली ठेवला, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी तिथून टपकते, जोडात शिरत नाही. जोडाची जागाही बदलली. आधी मी तो फळीच्या पायथ्याशी, दिसू नये म्हणून लपवला होता. आता उभ्याने हात जाईल असा, कप्प्याच्या वरच्या काठाच्या आतल्या बाजूस. सुटलेल्या दोन्ही तोंडांना रबरी टोप्या.

आणि यावेळी मोजून पाहिले. एकाने बटण दाबायचे, दुसऱ्याने त्याच क्षणी व्होल्टमीटरची टोके जोडाच्या अलीकडे-पलीकडे लावायची. काटा एक-दोन दशांशांच्या पुढे गेला, तर जोडात खोट आहे. मग इंजिनाच्या टोकाशी मोजायचे. बटण दाबलेले असताना तिथे दहाच्या खाली जाता कामा नये. ही परीक्षा मी पहिल्या वेळी घेतली असती, तरी ती पास झाली असती, कारण तेव्हा पदर शाबूत होते. म्हणून आता ती दर दोन महिन्यांनी घेतो. सदर लिहिणाऱ्याने स्वतःच्या कामावर एवढा अविश्वास दाखवावा, हे ताईला फार पसंत पडले.

दोन गोष्टी आणखी, घाईघाईने. इंजिन चालू असताना जोड कधीही ओढू नये. इंजिन वीज तयार करीत असते, तिला जायला बॅटरी उरली नाही की दाब एकदम चढतो आणि आतला नियामक जळतो. म्हणून आधी इंजिन, मग स्विच, मग जोड. हा क्रम आम्ही रंगाने कप्प्याच्या झाकणावरच लिहून टाकला. आणि ज्यांच्या इंजिनाला चाक आणि दूरचा नियंत्रक आहे, त्यांच्याकडे बारीक तारांचा एक पिनांचा जोड कारखान्याचाच असतो. तो कापून आपली कला दाखवू नये.

घरच्या इन्व्हर्टरपुरते सांगायचे, तर तिथे जोड घालायची गरज नाही. पण बॅटरी सोडवायची वेळ आलीच, तर इन्व्हर्टर आणि मुख्य स्विच बंद. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे. पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळावी. आधी ऋण तार काढावी, लावताना ती शेवटी लावावी. खिडकी उघडी ठेवावी. काम आपल्याला जमण्याजोगे नसेल, तर कारागीर बोलवावा आणि त्याच्याही हातातली अंगठी पाहावी. कारागीर हसतो. हसू द्यावे.

२०२५ साली पावसाने काय केले, ते आपणां सर्वांच्या लक्षात असेल. मुंबईत त्याची नेहमीची तारीख ११ जून. त्या साली तो २६ मे रोजीच येऊन धडकला, इतका लवकर की पंचाहत्तर वर्षांत तशी नोंद नव्हती. टिटवी बाहेर काढायचा दिवस शिरीषने ३१ मे ठरवला होता. पण कोकणासमोर आभाळ भरून आले, हवामान खात्याचे इशारे सुरू झाले, आणि २५ तारखेच्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला, "मामा, आजच्याच भरतीला काढतोय. एक मित्र गावाला गेलाय. येतोस का?"

मी गेलो. माझ्याबरोबर ताईही निघाली. ती आयुष्यात पहिल्यांदा त्या उतारावर आली होती. वारा उलटसुलट, पाणी खवळलेले, होडी उताराशी नाचते आहे. इतरही होड्या त्याच घाईत. शेजारच्या होडीवर एकजण बाकाखाली डोके घालून पाना मागत होता. शिरीष आणि त्याचा मित्र इंजिनाला धरून उभे, दोघांचेही हात गुंतलेले. मी गुडघ्याएवढ्या पाण्यात, चष्म्यावर तुषार, मला काही दिसेना.

"मामा, जोड!" शिरीष ओरडला.

मी चाचपडत असताना ताईने साडीचा पदर खोचला, एक पाऊल पाण्यात टाकले आणि कप्प्याच्या झाकणावरचे मोठ्याने वाचले, "आधी इंजिन. बंद आहे ना रे? मग स्विच." स्विच फिरवला. "मग जोड." दोन्ही हातांनी पिवळा जोड धरून ओढला. टक्. तिने दोन्ही तोंडांवर टोप्यासुद्धा लावल्या. पेट्रोलच्या नळीचा चाप शिरीषने अंगठ्याने सोडवला, आणि दोघांनी इंजिन उचलून उतारावर आणले. सगळ्याला मिनिटही लागले नसेल.

पाऊस दुसऱ्या दिवशी आला. इंजिन तेव्हा ताईच्या गॅलरीत, जुन्या चादरीखाली उभे होते, आणि वाळवणाला आता जागा कुठे उरली, म्हणून ती कुरकुरत होती.